डाव्या हाताचं लाकूड

भावकू सुताराला लाकूड सोडून दुसऱ्या कशाशी धड बोलता येत नाही, असं त्याची बायको जयाबाई लग्न झाल्यापासून म्हणत आली आहे, आणि त्यात खोटं काही नाही. गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं तरी हा रंध्यावरून मान वर करत नाही. पंगतीला बसला तर खाली मान घालून जेवतो आणि पाट फणसाचा की सागाचा एवढं मनाशी ठरवून घरी येतो. अशा माणसाला मित्र असावा हेच नवल. पण एक होता, महादेव. त्याच्यापुढं भावकूची जीभ अशी सुटायची की जयाबाईला हेवा वाटायचा.

नंदगडच्या पुढं, जंगल जिथं शेताच्या बांधाला येऊन टेकतं, तिथं या दोघांचं गाव. भात आणि रताळी ही तिथली पिकं, आणि रानडुक्कर हा तिथला दुसरा मालक. कळप एकदा रताळ्यात शिरला की सकाळी वेल एकीकडे, माती एकीकडे, आणि मधे माणूस डोक्याला हात लावून बसलेला. म्हणून काही घरांना पीक राखायला बंदुकीचं लायसन मिळालेलं. महादेवाच्या घरात ते बापाच्या वेळेपासून होतं. बंदूक जनावर मारायला नव्हती, आवाज काढायला होती. हवेत एक बार झाला की डुकरं रान गाठायची आणि शेतातल्या माळ्यावर बसलेला माणूस पुन्हा कांबळ्यात शिरायचा. निवडणूक लागली की सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या आणि मतदान उरकलं की परत यायच्या. महादेवाची बंदूक माहेरवाशिणीसारखी तिथं जाऊन राहून यायची.

त्या बंदुकीचं लाकूड भावकूचं होतं. तरुणपणी जुना दस्ता वाळवीनं खाल्ला तेव्हा त्यानं शिसवीचा नवा घडवला. खांद्याला लागतं तिथपासून पुढं नळीखाली डावा हात धरतो तिथपर्यंत, सगळं एकाच लाकडातून. गावात त्यानं दारं केली, नांगर केले, पाळणे केले, तिरड्यांचे बांबूही तासले, पण आपलं काम कुठलं असं विचारलं तर तो या दस्त्याकडं बोट दाखवायचा. वर्षानुवर्षं महादेवाचा डावा हात त्याच एका जागी बसून शिसवीला चार बोटांचे खळगे पडले होते. अंधारातही हात आपोआप त्यात जाऊन बसायचा. महादेव म्हणायचा, माझ्या हाताला या लाकडाचा रस्ता डोळ्यांपेक्षा चांगला ठावं हाय.

मग एका पावसाळ्यात महादेवाच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू सगळी पडली. तोंड वाकडं झालं, पाय ओढत चालू लागला, आणि डावा हात तर मेलेल्या कोंबडीसारखा खाटेच्या कडेला लोंबू लागला. मुलगा साईराज गोव्यात कारखान्यात, महिन्याकाठी एकदा येणार. घरात राहिल्या दोघी, बायको राजाबाई आणि सून मंगल. रताळी राखायची कोणी, तर मंगलनं.

मंगल अंगानं लहानखुरी. बंदूक तिच्या खांद्याला लावली की नळी पुढं अशी लांब जायची की तोल जाऊन तीच दोन पावलं पुढं जायची. माळ्यावर बसायची जागा चार बांबूंच्या मधे, पाटाएवढी. तिथं ती बंदूक फिरवायला गेली की टोक बांबूला अडकायचं. एका संध्याकाळी अशीच अडकली आणि सोडवताना बंदुकीसकट ती माळ्यावरून खाली आली. नशीब, बार भरलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी कोपर सोललेल्या अवस्थेत ती भावकूच्या दारात आली. बंदूक आखूड होईल का, तिनं विचारलं. भावकूनं मान हलवली, म्हणजे नाही. कायद्यात बसत नाही, एवढंच बोलला आणि रंधा मारू लागला.

पण लाकडाचा प्रश्न समोर टाकला की भावकूला झोप लागत नाही, ही त्याची खोड. त्याच सुमारास बहिणीचा मुलगा पलटणीतून रजेवर आलेला. बेळगावात शिकलेला जवान, फोनमध्ये शंभर बंदुकांची चित्रं. त्यातल्या एकीवर भावकूचं बोट थांबलं. तिचं सगळं यंत्र मागं दस्त्यात, गालाजवळ नेलेलं होतं आणि चाप पुढं आणलेला. भाच्यानं सांगितलं, मामा, ही गाडीतनं उतरताना, दारातनं वळताना कुठं अडकत न्हाय. भावकूनं ते चित्र पुन्हा पुन्हा बघितलं. मागची सगळी जागा आपण नुसती लाकूड घालून वाया घालवली, असं त्याला वाटलं. माणूस साठीला आला तरी आपल्याच जुन्या कामाचा त्याला असा राग येऊ शकतो.

विचारायला तो महादेवाकडं गेला. महादेव अर्ध्या तोंडानं बोलायचा, ते फक्त राजाबाईला आणि भावकूला कळायचं. पोलिसांनी पुढच्या निवडणुकीला बघितलं तर काय, असं भावकूनं विचारलं. निवडणूक यायची तवा बघू, महादेव म्हणाला, पोरगी आज पडाय लागलीया. मग लोहार आण्णाप्पाला सामील करून घेतलं. नळी पुढून कमी करायचं पाप त्याच्याकडं गेलं आणि लाकडाचं भावकूकडं. हा गुन्हा आहे हे तिघांनाही पक्कं माहीत होतं. गावात असं बरंच काही पक्कं माहीत असून चालतं.

भावकूनं मंगलचं माप घेतलं. बसून, उभं राहून, मान तिरकी करून. तिचा हात कोपरात वाकला की कुठवर येतो ते सुतळीनं मोजलं आणि यंत्र मागं दस्त्यात सरकवून, पुढची नळी कापून तेवढ्यातच सगळं बसवलं. तिचा डावा हात उजव्याच्या जवळच राहील, पुढं जाणारच नाही, अशी घडण झाली. बंदूक लहान पोरासारखी तिच्या कवेत बसली. शेताच्या कडेला तिनं पहिला बार काढला तेव्हा ती हलली नाही. भावकू हसला. जयाबाईच्या म्हणण्याप्रमाणं मुलाच्या लग्नातही तो असा हसला नव्हता.

आता इथं एक गोष्ट घडली, ती सांगितली पाहिजे. त्या गावात सुतारानं काही नवं करून दिलं, मग तो नांगर असो की कुऱ्हाडीचा दांडा, तर घरधन्यानं आधी दोन्ही हात त्यावर ठेवायचे, नारळ फोडायचा आणि मगच वस्तू वापरात घ्यायची. मंगलनं बार काढला तो नुसता बघण्यापुरता. रीत करायला भावकू बंदूक घेऊन महादेवाच्या खाटेजवळ गेला. महादेवानं उजवा हात ठेवला. राजाबाई म्हणाली, त्यांचा डावाबी उचलून ठेवा की वर. भावकूनं त्या लोंबत्या हाताकडं बघितलं. ऱ्हाऊ दे वहिनी, तो म्हणाला, त्या हाताला काय कळतंय आता. नारळ फुटला, खोबरं वाटलं आणि डाव्या हाताला नव्या बंदुकीची ओळख झालीच नाही.

उरलं होतं ते कापून काढलेलं पुढचं लाकूड, बोटांच्या चार खळग्यांसकट. भावकूला ते चुलीत घालवेना. चांगलं घासून, तेल लावून त्यानं ते महादेवाला आणून दिलं. डॉक्टरनं सांगितलंच होतं की हाताला काहीतरी धरायला लावा, रोज लावा. बाकीचे लोक रबरी चेंडू देतात. भावकूनं शिसवीचा तुकडा दिला. त्याच्या मनात आलं, हात ज्याला ओळखतो त्याच्याकडंच तो परत येईल. आणि हे त्याचं अगदी बरोबर होतं, म्हणून तर पुढचं सगळं झालं.

रोज संध्याकाळी काम आटोपलं की तो महादेवाकडं जायचा. राजाबाई हाताला तेल चोळायची आणि भावकू समोर स्टुलावर बसायचा. पहिल्यांदा तो लाकूड नुसतं तळव्यात ठेवून वरून बोटं मिटायचा. पुढं पुढं तो लाकूड समोर धरायचा आणि म्हणायचा, बंदूक धर. महादेव खांद्यातून हात रेटायचा, घामाघूम व्हायचा, शिव्या द्यायचा. हात जरा पुढं आला की भावकू लाकूड आणखी मागं घ्यायचा. बंदूक खांद्याला असताना डावा हात जिथं जायचा, बरोबर तिथं, तेवढ्याच अंतरावर आणि तेवढ्याच उंचीवर. या गोष्टीचा त्याला डोळा होता. तसूभर इकडंतिकडं होत नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास करंगळी हलली. राजाबाई देवाला साखर ठेवून आली. मग बोटं मिटायला लागली, मग मिटून राहायला लागली. एका संध्याकाळी भावकूनं लाकूड समोर धरलं आणि महादेवाचा हात उठला, सरळ पुढं आला आणि खळग्यांत चारही बोटं एका दमात जाऊन बसली. भावकूनं लाकूड ओढून बघितलं. सुटेना. मग महादेव रडायला लागला आणि भावकू बाहेर जाऊन अंगणात उगाच उभा राहिला. आयुष्यात आपण केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच, दस्ता नव्हे, असं त्याला त्या वेळी वाटलं. असं वाटून घेण्याचा त्याला हक्क होता. माणसानं मेलेला हात जिवंत केला होता.

त्यानंतर महादेव कपबशी धरू लागला. सदऱ्याची गुंडी लावू लागला. काठी टेकत अंगणात फिरू लागला. येईल त्याला तो हात दाखवायचा, मूठ मिटून, उघडून. लोकही कौतुकानं बघायचे. जयाबाई म्हणाली की महादेवभावजींचा हात आता त्यांच्यापेक्षा जास्त मिरवतोय.

रताळी काढायला आली होती तेव्हाची गोष्ट. मंगल बचत गटाच्या बैठकीला नंदगडला गेलेली आणि बस वेळेवर आली नाही. दिवस मावळतीला टेकला होता. राजाबाई गोठ्यात धार काढत होती, महादेव ओट्यावर बसलेला. घरामागच्या शेतातून कुत्री भुंकायला लागली, वेल उपटल्याचा आवाज आला. डुकरं उजेड असतानाच उतरली होती. मंगल आली की तशीच माळ्यावर जाणार, म्हणून बंदूक बार भरून दाराआड ठेवलेली होती.

भावकू त्या वेळी आपल्या अंगणात एका चौकटीला पटाशी मारत होता. बार ऐकू आला. आवाजावरून त्यानं ओळखलं की ही आपलीच. आखूड झाल्यापासून ती जरा मोठ्यानं ओरडायची. पोरगी वेळेवर पोचली म्हणायची, असं मनाशी म्हणून त्यानं पुन्हा हातोडी उचलली. चांगलं वाटलं त्याला. नंतर त्या चांगल्या वाटण्याची त्याला इतकी किळस आली, की ती चौकट त्यानं पुरी केली नाही. ती अजून तशीच भिंतीला टेकून आहे.

पुढचं त्याला राजाबाईनं सांगितलं, बेळगावच्या इस्पितळाच्या पायरीवर बसून. ती एकसुरात सांगत होती. "मी गोठ्यातनं बघितलं, ह्ये काठीबिगर उठलं. बंदूक घिऊन परसात गेलं. दोनी हातांनी धरलीती, भावजी. मला लई बरं वाटलं. मी हाक मारली न्हाय, म्हटलं बघू दे डोळं भरून." तिनं पदर हातात पिळला. "बंदूक खांद्याला लावली आन डावा हात पुढं ग्येला. रोज जातोय तसाच."

रोज जातो तिथं आता लाकूड नव्हतं. तिथं नळीचं तोंड होतं.

भावकूला आणखी काही सांगावं लागलं नाही. डुकरांच्या घाईत महादेवानं हाताकडं बघितलंही नसेल. कधी बघत नव्हताच तो. हात आपल्या रस्त्यानं गेला, जो रस्ता भावकूनं स्टुलावर बसून रोज संध्याकाळी त्याला पुन्हा शिकवला होता. उजव्या हाताला नवी बंदूक ठाऊक होती, त्यानं चाप बरोबर शोधला. डाव्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ऱ्हाऊ दे वहिनी, असं कोण म्हणालं होतं ते राजाबाईनं काढलं नाही. ती विसरली असेल. भावकू विसरला नाही.

डॉक्टरांनी हात मनगटाच्या वरून काढला. पोलीस आले, बंदूक घेऊन गेले. फौजदारानं कन्नडमध्ये विचारलं की ही अशी कोणी केली. महादेवानं सांगितलं, मीच केली. फौजदारानं त्या अर्ध्या अंगाच्या माणसाकडं नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी भावकू आपणहून ठाण्यात गेला आणि लाकूड माझं म्हणून सांगितलं. मग आण्णाप्पालाही यावं लागलं. त्याबद्दल आण्णाप्पा अजून भावकूशी बोलत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे. खानापूरच्या कोर्टात तारखा पडतात. तिघंही जातात, बाकावर बसतात, नाव पुकारलं की उभे राहतात आणि परत येतात. शिक्षेची भीती भावकूला वाटत नाही. उलट कोर्टाला इतका वेळ का लागतो, याचंच त्याला कोडं पडतं.

खंडेनवमीला त्यानं पटाशी, रंधा, वाकस काही पाटावर मांडलं नाही. जयाबाईनं स्वतः हळदकुंकू लावलं तेव्हा तो उठून गेला. काम करतो, पण कुणाच्या हाताचं माप घ्यायचं असेल तर नको म्हणतो. कुऱ्हाडीचा दांडासुद्धा करत नाही. दार, खिडकी, कपाट, एवढंच. मंगल आता रताळी लावू देत नाही. त्या शेतात काजूची रोपं आली आहेत आणि डुकरं दुसऱ्यांच्या शेतात जातात.

महादेव इस्पितळातून घरी आल्यावर बरेच दिवस भावकू त्याच्याकडं गेलाच नाही. कुठल्या तोंडानं जाणार. शेवटी मंगलच बोलवायला आली. मामंजींना दुखतंय काका, ती म्हणाली, गोळ्यांनी थांबत न्हाय, तुमालाच बोलवा म्हणत्यात.

महादेव भिंतीला टेकून बसला होता. डाव्या बाहीचं टोक सेफ्टी पिननं वर टाचलेलं. भावकू उंबऱ्याच्या आत आला आणि तिथंच उभा राहिला. माफ कर म्हणायचं त्यानं वाटेत ठरवलं होतं, पण या माणसापुढं पहिल्यांदाच त्याची जीभ उचलेना. महादेवानं त्याला स्टूल दाखवलं, तेच, आणि तो बसल्यावर हळूहळू, अर्ध्या तोंडानं सांगू लागला.

"हात ग्येला म्हणत्यात. मला हाय असं वाटतंय भावक्या. लाकूड धरून बसलाय त्यो. घट. मूठ सुटंना झालीया, नखं आत रुतत्यात, रात न् दिवस. डागतरला कळत न्हाय." त्यानं दम घेतला. "तूच धराय लावलंस. सोडीव की रं जरा."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर भावकूला सोसला असता. तो बाहीच्या टोकाकडं बघत राहिला. कोनाड्यात शिसवीचा तो तुकडा तसाच होता, तेल पिऊन काळा झालेला. राजाबाईनं तो टाकला नव्हता, कारण टाकायचं तिला सुचलंच नव्हतं. भावकू स्टूल ओढून जवळ सरकला. हात असता तर मूठ जिथं आली असती, तिथं हवेत त्यानं आपले दोन्ही हात नेले. अंतराचा त्याला डोळा होताच. करंगळीपासून सुरुवात केली. एक बोट उचललं, मग दुसरं, सावकाश, लाकडातून बारीक खिळा काढावा तसं. कुठवर आलो ते महादेव डोळे मिटून सांगत होता. अंगठा सुटला तेव्हा त्यानं मोठा श्वास सोडला.

सकाळपर्यंत मूठ पुन्हा मिटते. म्हणून अजूनही रोज संध्याकाळी, पटाशी खाली ठेवली की भावकू हात धुतो, महादेवाच्या घरी जातो आणि स्टुलावर बसून नसलेली बोटं सोडवतो.